तुमच्या नकाशावरचा माझा बाण

आप्पा,

परवा सांगलीत तुमची शोकसभा झाली आणि तिथं आभार मी मानले. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या आभारांची किळस आली नसती तर हे लिहायला मी बसलो नसतो. शोकसभेत आभार मानायचे नसतात, एवढी रीत मला कळते. पण आमच्या कचेरीचे साहेब म्हणाले, "तुम्ही बी.ए. झालेले आहात, शेवटी दोन शब्द नीट बोलाल." आणि मी उठलो. साहेब म्हणाले की मी उठतो. ही सवय मला नोकरीच्या पहिल्या वर्षी लागली, ती कशी लागली हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आधी साहेब वीस मिनिटं बोलले. तुमच्या फोटोला हार घातला होता आणि फोटोतले तुम्ही नेहमीसारखे कॅमेऱ्याकडं न बघता त्याच्या मागच्या कशाकडं तरी बघत होता. साहेब म्हणाले, "आप्पा नकाशांचे वेडे होते. माणूस भाबडा. दुष्काळात त्यांच्या हातून एक गंभीर चूक झाली, पण आम्ही ती मनावर घेतली नाही. माणुसकीच्या नात्यानं माफ केलं." पुढच्या रांगेत तुमच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. 'माफ केलं' म्हटल्यावर दोन-चार जणांनी मान डोलावली. त्यातली एक मान माझी होती. मग मी उभा राहिलो आणि साहेबांनी आपला अमूल्य वेळ दिला म्हणून त्यांचे आभार मानले. बसस्टँडवर येऊन तीनदा चूळ भरली. तरी 'अमूल्य वेळ' तोंडातून जाईना.

तर आता, ज्यांनी ते भाषण ऐकलं त्यांनीही वाचावं म्हणून, पहिल्यापासून लिहितो.

तुम्हाला सगळे 'देवी डॉक्टर' म्हणायचे. तुम्ही डॉक्टर नव्हता. देवीची लस टोचायला वाड्यावस्त्या फिरणारे सरकारी टोचणीवाले होता. घर नदीकाठी, सांगलीच्या खाली, जैनांचं, उसाचं. भाऊ उसात रमले आणि तुम्ही खांद्याला पिशवी लावून आमच्या कोरड्या मुलखात आलात. का आलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणालात, "उसात उभं ऱ्हायलं की दहा हातांपलीकडं दिसत न्हाई गड्या. तुमच्याकडं लय लांबचं दिसतंय." लस वासराच्या अंगावर तयार होते हे तुम्ही तुमच्या आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, हेही तुम्हीच हसत सांगितलं होतं.

पिशवीत लशीच्या डब्याशेजारी एक वही असायची. आटपाडीच्या माळापासून औंधाच्या डोंगरापर्यंत जिथं म्हणून माणूस राहतो तिथली प्रत्येक वाट त्या वह्यांत आहे. नुसती वाट नाही. कुठून निघालो, कुठं सावली, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं, कुठल्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवायला मिळतं. दिवस मावळल्यावर तुम्ही खात नव्हता, म्हणून तुमच्या नकाशांत अंतरं मैलांत नसायची. 'दोन हात ऊन असताना निघावं' असं लिहिलेलं असायचं. शहरातल्या माणसाला हसू येईल. पण मी त्या हिशेबानं चाललोय आणि एकदाही उपाशी राहिलो नाही.

आणि विहिरी. तुम्ही न गाळलेलं पाणी पीत नव्हता. खिशात चार पदरी गाळणं, स्वच्छ पांढरं. प्रत्येक विहिरीवर ते धरायचं, पाणी गाळायचं, मग फडकं उलटं करून त्याच विहिरीच्या पाण्यानं धुवायचं, ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. मग वहीत नोंद. 'गाळण्यात दोन किडे, एक पान.' 'गाळण्यात काही नाही, गोड.' ज्या विहिरीला पायऱ्या होत्या, जिथं बाया घोट्याएवढ्या पाण्यात उतरून घागर भरायच्या, तिथं नारू असायचा. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की त्यातून नारूची बारीक पिल्लं पाण्यात जातात आणि ते पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षानं पुन्हा जंत निघतो. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचायच्या आधी वस्त्यांवरचे पाय मोजून ताडलं होतंत. अशा विहिरीपाशी वहीत फुली.

कॉलेजातला शहाणपणा घेऊन मी एकदा तुम्हाला म्हणालो, "आप्पा, तुम्ही गाळणं परत विहिरीत धुता, म्हणजे नारू परत विहिरीतच सोडता." तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही गाळणं उलगडून उजेडाला धरलंत आणि म्हणालात, "व्हय रं. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." त्यानंतर फुलीच्या विहिरीवर तुम्ही पाणीच प्यायला नाहीत. भर उन्हात तहानलेले पुढच्या विहिरीपर्यंत चालायचा. जीवही मारायचा नाही आणि माणसालाही त्रास द्यायचा नाही, म्हणून मध्ये आपला घसा कोरडा ठेवायचा. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

कॉलेजात मी गेलो ते तुमच्यामुळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही करत नव्हतं. तुम्ही लस टोचायला आलात, माझ्या वहीतलं अक्षर बघितलंत आणि वडिलांना म्हणालात, "ह्याला मेंढरांमागं लावलात तर मी तुमच्या वस्तीला परत पाय लावणार न्हाई." वडील घाबरले. देवी डॉक्टर आला नाही तर देवी येईल असं त्यांना वाटलं. पुढं सांगलीला वसतिगृहात जायचं ठरलं तेव्हा टोचणीच्या छापील फॉर्मच्या पाठीवर तुम्ही मला बसस्टँड ते वसतिगृह असा नकाशा काढून दिलात. त्यात एक पिंपळ, एक सायकलचं दुकान आणि 'इथं कुणाला तरी विचार, लाजू नको' अशी एक जागा होती. तो माझ्याकडं अजून आहे. माझ्या पदवीच्या कागदाला वाळवी लागली तर मला फार वाईट वाटणार नाही.

बी.ए. झाल्यावर तुम्ही मला नावानं हाक मारायचं सोडलंत. "काय बी.ए.?" एवढंच.

आपला वाद कुठं सुरू झाला ते मला लख्ख आठवतं. औंधाला, यमाईच्या डोंगरावर. तटाच्या कट्ट्यावर तुम्ही वही पसरली होती आणि मी म्हणालो, "आप्पा, या नकाशावर दिशाच नाही. नकाशाला उत्तरेचा बाण लागतो."

"का लागतो?"

"वर उत्तर असते, हे कळायला."

"वर पश्चिम असती."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. सह्याद्रीच्या बाजूला बोट केलंत. "पाणी कुठनं येतंय? तिकडनं. ढग कुठनं येतोय? तिकडनं. तुझी आजी 'वरल्या अंगाला' म्हणती तवा कुठं बोट करती?"

"पश्चिमेलाच. पण जगातले सगळे नकाशे—"

"उत्तरेला तुझं कोण हाय रं, बी.ए.?"

"आप्पा, जगाची एक पद्धत असते."

"जग माळवस्तीला कवा आलं हुतं? मी गेलोय माळवस्तीला. तिथं वर म्हंजे पश्चिम."

"मग निदान तसं कागदावर लिहा तरी."

"ज्याला पायानं चालायचंय त्याला ठावं असतंय."

हा वाद आपण दहा ठिकाणी घातला आणि कुठंच संपवला नाही. खरं सांगू? मला अजूनही वाटतं, तुम्ही वर नुसता एक 'प' लिहायला हवा होता. पण पुढं जे झालं त्याला ही सबब म्हणून मी देणार नाही. सबबी देणारी माणसं मी रोज कचेरीत बघतो.

दुष्काळाच्या वर्षी मी तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून होतो, कायम व्हायचा होतो. ठिकठिकाणी खडी फोडायची कामं निघाली होती आणि शेकडो माणसं माळावर येऊन राहिली होती. त्यांना पाणी कुठलं द्यायचं? कचेरीत जे नकाशे होते त्यांत शेतांच्या हद्दी होत्या, पाणी नव्हतं. मीच मोठ्या अभिमानानं सांगितलं की आमच्या आप्पांच्या वह्यांत प्रत्येक विहीर आहे. साहेब म्हणाले, "दोन दिवसांत पक्की प्रत काढा." तुम्ही एका शब्दानं वह्या दिल्यात. एकच अट घातलीत. "माझ्या वहीत खाडाखोड करू नको. चूक दिसली तर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही कर. ज्यानं बदललं त्याचं नाव कळलं पाहिजे." मग तुम्ही तुमच्या फिरतीवर निघून गेलात.

वहीत मी एक टिंबही बदललं नाही. पण पक्की प्रत सुंदर झाली होती आणि तिच्यावर दिशा नव्हती. माझ्या भूगोलाच्या गुरुजींनी दिशा नसल्याबद्दल माझे दोन गुण कापले असते. मी कोपऱ्यात, वरच्या बाजूला, उत्तरेचा बाण काढला. शेपटाला छान पीस काढलं, वर 'उ' लिहिला. त्या एका बाणानं तुमची सगळी पश्चिम उत्तर झाली. साहेबांना तो बाणच फार आवडला. "आता नकाशा नकाशासारखा दिसतो," म्हणाले, आणि खाली आपलं नाव घालून घेतलं, 'यांच्या मार्गदर्शनाखाली'. तुमचं नाव कुठंच नव्हतं. मी विचारलं नाही.

माळवस्तीला दोन विहिरी. चांगली पश्चिमेला, फुलीची उत्तरेला. तुमच्या कागदावर चांगली वरच्या बाजूला होती. माझ्या बाणानं ती उत्तरेची झाली आणि फुलीची पूर्वेची. कामावरचा मुकादम नकाशा घेऊन उत्तरेला गेला, तिथं त्याला विहीर सापडली, पायऱ्यांची, पाणी भरपूर. त्यानं कागदावर फुली नाही हे बघितलं आणि माणसं तिकडं लावली. खडी फोडून फुफाट्यानं माखलेली माणसं त्या पायऱ्या उतरून घटाघटा प्यायली. पाण्याला चव बरी होती म्हणे.

नारू वर्षभर अंगात राहतो. वर्षभर कुणाला काही कळलं नाही. मी त्या वर्षात कायम झालो.

मग पाय सुजायला लागले. चौकशी आली तेव्हा 'यांच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द कुणाला आठवले नाहीत. साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मी फाईल घेऊन दाराशी उभा होतो. टेबलावर तो नकाशा होता. तुम्ही तो पहिल्यांदाच बघत होता. तुमचं बोट माळवस्तीवरून हललं, कोपऱ्यात गेलं आणि बाणाच्या पिसावर थांबलं. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. पाणी गाळून संपेल एवढाच.

साहेब म्हणाले, "हे तुमच्या वहीवरून केलंय ना?"

"व्हय."

"मग ही चूक कुणाची?"

"माझी. मला दिशेचं कळत न्हाई साहेब. मी सातवी फायनल पास माणूस."

मला आठवतं, साहेबांनी हसून माझ्याकडं बघितलं. शिकलेल्या माणसानं शिकलेल्या माणसाकडं बघावं तसं. आणि मीही हसलो. आप्पा, गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच गोष्टी विटाळ मानून सोडल्या, पण ते हसू मला माझ्या तोंडावरून खरवडता आलेलं नाही. तुमच्या सेवापुस्तकात शेरा आला, तुमची बदली झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून बदलीचा हुकूमही मीच लिहिला.

तुम्ही मला जाब विचारला नाहीत. फक्त बदलीवर जाण्याआधी एके सकाळी आलात आणि म्हणालात, "चल, माळवस्तीला जाऊन येऊ." हौसाबाई दारात दगडावर पाय ठेवून बसल्या होत्या. दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पन्नाशीच्या, सडसडीत. घोट्यावर फोड फुटलेला, आणि त्यातून बाहेर आलेला पांढरा, ओल्या दोऱ्यासारखा जंत काडेपेटीच्या काडीला गुंडाळलेला. तुम्ही रोज येऊन तो दोन बोटं गुंडाळत होता. जास्त ओढला तर आत तुटतो आणि पाय सडतो. तुम्ही काडी माझ्या हातात दिलीत.

"धर. घट्ट नको, सैल नको."

मी धरली. तो हलत होता. मी तोंड बाजूला केलं. हौसाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आवं डाक्टर, ह्ये कोन सायब? लय पांढरंफटक पडलंय की पोरगं."

"कचेरीतलं हाय. बी.ए."

"आसं व्हय? मग इचारा की त्येला. सरकारनं पानी दिलं, त्यात ह्यो बी सरकारनंच दिला का?" आणि त्या खदखदा हसल्या. पाय हलला, काडी हलली, त्या कळवळल्या, आणि परत हसल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही मला त्यासाठीच तिथं नेलं होतं, हे मला समजलं होतं. काडी तासभर माझ्या हातात होती. मी म्हणालो, "आता निघू या आप्पा, ऊन होईल."

परत येताना माझी वाट चुकायची वेळ आली तेव्हा तुम्ही फक्त "वरल्या अंगानं चल" म्हणालात. आणि मी न विचारता पश्चिमेला वळलो.

त्यानंतर तुम्ही मला वही दाखवली नाहीत. देवीचा रोगच गेला, लस बंद झाली, तुम्ही घरी बसलात, म्हणजे बसला नाहीत, फिरतच राहिलात. मी सणावारी यायचो. तुम्ही घरचं विचारायचा, चांगलं बोलायचा, जेवू घालायचा. दोनदा मी "आप्पा, तो बाण—" असं सुरू केलं. दोन्ही वेळा तुम्ही उन्हाकडं बघून म्हणालात, "दिवस बुडायला आला, आधी जेव." तुम्ही मला वाचवत होता की माझं ऐकायचाच तुम्हाला कंटाळा आला होता? हे आता कुणाला विचारू?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेलो. त्यांनी ट्रंक पुढं ओढली. एकतीस वह्या. "तुझ्या नावानं ठेवल्यात," म्हणाल्या. वरच्या वहीत गाळणं घडी करून ठेवलेलं होतं. ते ज्या पानात होतं त्यावर माळवस्तीचा नकाशा होता, वर पश्चिम, आणि खाली तीन छोटी वाक्यं. 'नकाशा माझा. बाण माझा. चूक माझी.' खाली सही.

एकतीस वह्यांत तुम्ही एक किडा जास्त लिहिला नाहीत. चालून गेलात ते लिहिलंत, बैलगाडीत बसलात तर तेही लिहिलंत. आणि इथं माझ्यासाठी खोटं लिहून ठेवलंत, उद्या कुणी वह्या तपासल्या तर सापडावं म्हणून. मी काकूंना म्हणालो, "काकू, हे खरं नाही. बाण मी काढला होता." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि निघालं तेव्हा एवढंसंच होतं.

काकू म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगत्यात? त्यांचं अक्षर वळखते मी. ह्ये पान उलटून बघ. निब दाबलीया, मागं उमटलंय. खरं लिवताना त्यांचा हात हलका असायचा."

"मग काल सभेत मला का बोलू दिलंत?"

"तू सांगतूस का न्हाई, बघत व्हते."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते चहा गाळता गाळता म्हटलं.

तो नकाशा कचेरीत काचेच्या चौकटीत अजून लटकतो आहे. माझ्या टेबलासमोरच. रोज त्याच्याकडं बघून मी जेवणाचा डबा उघडतो. हा लेख इथल्या साप्ताहिकात येईल, साहेबांपर्यंत जाईल, आणि मग मला चौकटीसमोर बसावं लागणार नाही, किंवा तिथं बसूही दिलं जाणार नाही. कसंही झालं तरी हौसाबाईंच्या दारात जाऊन त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय. सरकारनं नाही दिला हौसाबाई, मी दिला.

पण त्याआधी एक काम होतं, ते आज सकाळी केलं. तुमची वही उघडली. खाडाखोड केली नाही. 'बाण माझा' यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. 'चूक माझी' यावर एक. बाजूला माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. हात हलका राहिला का ते बघायला पान उलटलं. मागं काही उमटलेलं नाही.

पहिल्या वाक्याला मी हात लावलेला नाही, आप्पा. नकाशा तुमचाच आहे.